तारीख जुळली, पण दिवस जुळला का?

जून उजाडला की महाडहून रायगडाच्या पायथ्याच्या पाचाडकडे जाणाऱ्या रस्त्यावर गाड्यांची रांग लागते, आणि ती एकदाच लागून भागत नाही. ६ जूनला तारखेने शिवराज्याभिषेक दिन होतो आणि ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशीला तिथीने पुन्हा होतो. २०२३ साली ही त्रयोदशी २ जूनला आली, २०२४ साली २० जूनला, २०२५ साली ९ जूनला. मग वाद ठरलेला: खरा दिवस कुठला? त्यातच दिनविशेषाच्या सदरात ६ जूनखाली आणखी एक ओळ असते. १९४४ साली याच तारखेला दोस्त राष्ट्रांच्या फौजा नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर उतरल्या. एवढं वाचलं की कुणीतरी म्हणतंच, बघा, या तारखेतच काहीतरी आहे!

तारखेत काय आहे ते बघूच. पण रायगडावरचा ६ जून आणि नॉर्मंडीचा ६ जून यांत दहा दिवसांची तफावत आहे, हे आधी सांगून टाकतो. सूर्याभोवतीच्या फेऱ्यात पृथ्वी १९४४ च्या ६ जूनला जिथे होती, तिथून ती १६७४ साली राज्याभिषेकाच्या दहा दिवस आधीच पुढे निघून गेली होती. आकडा तोच, पण ठिकाण निराळं. हे कसं, ते समजायला थोडं मागे जावं लागेल.

तिथी चंद्राची, तारीख सूर्याची

आकाशात चंद्र सूर्यापासून १२ अंश पुढे सरकला की एक तिथी पूर्ण होते. चंद्र कधी भरभर चालतो, कधी रेंगाळतो, त्यामुळे तिथी कधी १९ तासांत आटोपते, तर कधी २६ तासांपर्यंत लांबते. असे बारा चांद्रमहिने मिळून भरतात ३५४ दिवस. सूर्याचं वर्ष ३६५ दिवसांचं. म्हणजे तिथी दरवर्षी सुमारे अकरा दिवस मागे येते आणि अधिक महिना पडला की एकदम अठरा-एकोणीस दिवस पुढे उडी मारते. वरच्या तारखा पुन्हा बघा: २०२३ च्या श्रावणात अधिक महिना होता, म्हणून २ जूनची त्रयोदशी पुढच्या वर्षी २० जूनला गेली आणि त्यानंतर अकरा दिवस मागे येऊन ९ जूनला बसली. यात पंचांगवाल्यांचा लहरीपणा काही नाही.

किनाऱ्यावर तिथी नुसत्या सणावारांसाठी नसते. मुंबईच्या आसपासच्या किनाऱ्यावर भरतीचा जुना हिशेब आहे तो तिथीचाच. तिथीचा आकडा घ्यायचा, त्याची पाऊणपट करायची, की पूर्ण भरतीची वेळ येते. चतुर्थीला तीनच्या सुमारास, अष्टमीला सहाच्या सुमारास. पौर्णिमा उलटली की पुन्हा प्रतिपदेपासून मोजायचं. थोडंफार मागेपुढे होतं, पण होडी कधी लोटायची आणि खाडीतून कधी उतरायचं, एवढं त्यावर भागतं. तारीख सांगून भरती कळत नाही. ६ जूनला भरती किती वाजता, याला दरवर्षी वेगळं उत्तर आहे.

तिथी आणि तारीख यांची गाठ साधारण एकोणीस वर्षांनी पडते. जन्मतिथी आणि जन्मतारीख एकाच दिवशी, किंवा एखाद्या दिवसाच्या फरकाने, एकोणिसाव्या, अडतिसाव्या आणि सत्तावन्नाव्या वाढदिवसाला येते. आपापलं पंचांग काढून बघावं.

(पंचांगंही सगळी एकमताची नाहीत. कोकणात, विशेषतः रत्नागिरीकडे, टिळक पंचांग पाळणारी घरं आहेत. त्यांचा अधिक महिना कधीकधी इतरांपेक्षा वेगळा पडतो आणि त्या वर्षी एका घरचा गणपती शेजारच्या घरच्या गणपतीच्या आधी महिनाभर येऊन जातो. त्यात भांडण कुणी करत नाही, दोन्हीकडे मोदक मिळतात.)

पण तारीख तरी एकच होती का?

नव्हती. युरोपात पूर्वी ज्युलियन दिनदर्शिका चालायची. तिला आपण जुनी पद्धत म्हणू. तिच्यात दर चौथं वर्ष न चुकता लीप वर्ष, त्यामुळे तिचं वर्ष खऱ्या सौरवर्षापेक्षा सुमारे अकरा मिनिटांनी मोठं. अकरा मिनिटं म्हणजे काहीच नाही असं वाटतं, पण १२८ वर्षांत त्याचा अख्खा दिवस होतो. सोळाव्या शतकापर्यंत ऋतू आणि तारखा यांची फारकत इतकी वाढली की पोप तेरावे ग्रेगरी यांनी १५८२ साली दहा दिवस काढूनच टाकले. ४ ऑक्टोबरच्या दुसऱ्या दिवशी १५ ऑक्टोबर. ही नवी, म्हणजे ग्रेगोरियन पद्धत. आज आपल्या भिंतीवर आहे ती हीच.

स्पेन, पोर्तुगाल या कॅथलिक देशांनी ती लगेच घेतली. इंग्लंड मात्र पोपचं ऐकायला तयार नव्हतं. तिथे जुनी पद्धतच चालू राहिली, ती थेट १७५२ पर्यंत. त्या वर्षी २ सप्टेंबरनंतर १४ सप्टेंबर आला, आणि कंपनी सरकारच्या मुंबईतही तोच नियम लागू झाला.

आता हे कोकणच्या नकाशावर मांडा. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात मुंबई इंग्रजांकडे आहे, वसई आणि चौल पोर्तुगीजांकडे. एकाच सकाळी मुंबईचा इंग्रज कारकून एक तारीख लिहितोय आणि खाडीपलीकडचा पोर्तुगीज लेखनिक दहा दिवस पुढची. १७०० नंतर हा फरक अकरा दिवसांचा झाला. आणि मराठी कारकून? तो दोघांनाही न विचारता शके आणि तिथी लिहितोय. एका किनाऱ्यावर, एका दिवसाची तीन नावं.

चिमाजी अप्पांच्या वसईच्या विजयाचंच बघा. एका पुस्तकात पोर्तुगीजांनी ५ मे १७३९ ला शरणागती पत्करली असं वाचायला मिळतं, दुसऱ्यात १६ मे. किल्ला ताब्यात आला ती तारीख कुठे १२ मे, कुठे २३ मे. वाचणाऱ्याला वाटतं, या इतिहासकारांचं एकमेकांत जमतच नाही. वजाबाकी करा. दोन्हीकडे फरक नेमका अकराचा. एकाने इंग्रजांच्या पद्धतीने तारीख दिली, दुसऱ्याने पोर्तुगीजांच्या. मुंबई-गोवा रस्त्यावर अंतर मुंबईपासून मोजलं तर मैलाच्या दगडावर एक आकडा येतो, पनवेलपासून मोजलं तर दुसरा; गाव आपल्या जागी असतं. वसई पडली ती एकाच दिवशी.

शेक्सपियर आणि सर्वांतेस हे दोन थोर लेखक २३ एप्रिल १६१६ या एकाच दिवशी गेले, हेही असंच मोठ्या कौतुकाने सांगितलं जातं. इंग्लंडची तारीख जुनी, स्पेनची नवी, म्हणजे मध्ये दहा दिवस गेले. शिवाय सर्वांतेस २२ तारखेला गेले आणि २३ ला त्यांचं दफन झालं, असं अभ्यासक मानतात.

मग ६ जून चुकीचा ठरला का?

नाही. मराठ्यांच्या इतिहासाच्या पुस्तकांत १७५२ पूर्वीच्या तारखा बहुधा जुन्या पद्धतीने देतात. अस्सल कागदात असते तिथी, अभ्यासक जंत्री, म्हणजे तिथी-तारखांचं कोष्टक, लावून तिची तारीख काढतात. ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशी, शके १५९६ म्हणजे जुन्या पद्धतीने ६ जून १६७४. आजच्या पद्धतीने तोच दिवस १६ जून. शिवरायांच्या जन्माचंही तसंच: फाल्गुन वद्य तृतीया, शके १५५१ म्हणजे जुनी १९ फेब्रुवारी १६३० आणि नवी १ मार्च. जन्माची ही मिती जेधे शकावलीतून, म्हणजे जेधे घराण्याच्या सालवार नोंदींतून, आली, आणि ती शकावली लोकांसमोर आणली लोकमान्य टिळकांनी. वैशाखातल्या जन्माची जुनी मिती मानणारा पक्ष होता, आजही आहे. तो वाद मात्र साधनांचा आहे, तारखांच्या पद्धतीचा नाही. दोन्हींची गल्लत करू नये.

कागदावर दहा दिवस म्हणजे किरकोळ बाब. पण कोकणात ६ जून आणि १६ जून यांत केवढा फरक! ६ जूनला रायगडाच्या पायथ्याशी घामाच्या धारा लागलेल्या असतात, १६ जूनला बहुतेक वर्षी पाऊस उतरलेला असतो. जुन्या पत्रांतून पाऊस, पेरणी, आरमाराच्या हालचाली यांचा अभ्यास करणाऱ्याने हे दहा दिवस मोजले नाहीत तर त्याचा मोसमच हुकतो.

आश्चर्य एकाच गोष्टीचं वाटतं. तारीखवाले आणि तिथीवाले इतकी वर्षं हमरीतुमरीवर येतात, पण १६ जूनची बाजू घेणारं कुणी भेटत नाही. मला विचाराल तर तेच बरं आहे. तिसरा सोहळा पाचाडच्या रस्त्याला झेपायचा नाही.

दिवस सुरू होतो कधी?

ही आणखी एक मेख. आपली सरकारी तारीख मध्यरात्री बदलते, पंचांगाचा वार बदलतो सूर्योदयाला. मधल्या काळात जे घडतं, ते एका हिशेबाने उद्याचं आणि दुसऱ्या हिशेबाने अजून आजचंच.

राज्याभिषेकाची घटकाच या मधल्या काळातली. जेधे शकावलीत शुक्रवारी तीन घटका रात्र उरली असता राजे सिंहासनावर बसले, अशा अर्थाची नोंद आहे. घटका म्हणजे २४ मिनिटं, तेव्हा सूर्योदयाला तास-सव्वा तास होता. घड्याळाच्या हिशेबाने तो शनिवार झाला, आणि ६ जून १६७४ हा शनिवारच येतो. शकावली लिहिणाऱ्याच्या लेखी मात्र शुक्रवारची रात्र संपलेली नव्हती.

रत्नागिरीत जन्मलेल्या टिळकांचा मृत्यूही असाच. १९२० साली मुंबईच्या सरदारगृहात त्यांनी प्राण सोडला तो मध्यरात्र नुकतीच उलटल्यावर, म्हणून तारीख लागली १ ऑगस्ट. त्याच तारखेला अण्णाभाऊ साठे जन्मले, त्याच तारखेला असहकाराची चळवळ सुरू झाली. तिन्ही गोष्टी एकाच वर्षी, एकाच तारखेला. प्राण तास-दीड तास आधी गेला असता तर दिनविशेषाच्या सदरात टिळक ३१ जुलैला गेले असते.

१४ एप्रिलच्या चौकटीतही गर्दी असते. १८९१ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा जन्म. त्यांचं मूळ गाव आंबडवे, आपल्याच मंडणगड तालुक्यातलं. १९४४ साली मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत दुपारी चारच्या सुमारास ‘फोर्ट स्टिकीन’ ही दारूगोळा आणि कापूस भरलेली बोट फुटली, शेकडो माणसं गेली, त्यांत अग्निशमन दलाचे जवानही होते. आणि १९१२ साली टायटॅनिक हिमनगावर आदळली. मात्र ती आदळली तेव्हा बोटीवरच्या घड्याळात रात्रीचे अकरा चाळीस झाले होते. त्याच क्षणी रत्नागिरीत १५ तारखेची सकाळ चांगली वर आली होती. कुणाच्या घड्याळाने मोजायचं, यावर टायटॅनिक या चौकटीत राहणार की नाही ते ठरतं.

आणि ११ नोव्हेंबर?

इथे आपला दर्यावर्दी वाचक म्हणेल, हे सगळं कॅलेंडरांचं झालं, ११ नोव्हेंबरचं काय? प्रश्न रास्त आहे. १९२७ साली ११ नोव्हेंबरला ‘जयंती’ आणि ‘तुकाराम’ या कोकणच्या दोन प्रवासी बोटी एकाच दिवशी वादळात बुडाल्या. आणि २००९ साली ११ नोव्हेंबरलाच फयान वादळ अलिबाग आणि मुंबई यांच्या दरम्यान किनाऱ्यावर आदळलं, मासेमारीला गेलेली माणसं परत आली नाहीत. ८२ वर्षांचं अंतर आहे, पण किनारा तोच आणि तारीखही तीच. दोन्ही तारखा नव्या पद्धतीच्या, त्यामुळे दहा-अकरा दिवसांची पळवाटही नाही.

सुटा सुटा विचार करू. १९२७ च्या दोन बोटींना आपण दोन योगायोग मोजतो, तिथेच घोटाळा होतो. त्या एकाच समुद्रावर, एकाच हवामानात होत्या. एकीच्या बुडण्याचं कारण दुसरीलाही लागू होतं. त्या दोन मिळून घटना एकच धरायची.

मग राहिल्या दोन: १९२७ आणि २००९. दोन तारखा जुळण्याची शक्यता ३६५ त एक, असा हिशेब आपण मनात करतो. पण वादळं वर्षभर सारखी वाटलेली नसतात. अरबी समुद्रात ती मुख्यतः दोनदा होतात: पावसाळ्याच्या तोंडावर मे-जूनमध्ये, आणि पावसाळा सरल्यावर ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये. निसर्ग वादळ ३ जून २०२० ला श्रीवर्धनच्या बाजूला धडकलं, तौक्ते २०२१ च्या मे महिन्यात किनाऱ्यालगत वर सरकलं. म्हणजे पावसाळ्यानंतरच्या वादळाला तारीख निवडायला ३६५ दिवस नसतातच, धरून चालू की साठेक असतात. शिवाय नुकसान तिथेच होतं जिथे माणसं असतात. पावसाळाभर बंद असलेली बोट-वाहतूक तेव्हा गणपतीच्या आगेमागे सुरू व्हायची, आणि नोव्हेंबरात दर्यावर बोटी आणि होड्या भरपूर असतात.

साठ दिवसांचा मोसम आणि शंभरेक वर्षांतली लक्षात राहण्याजोगी समजा दहा वादळं. त्यांतल्या कुठल्याही दोघांची तारीख जुळण्याची शक्यता किती? सुमारे ५५ टक्के. म्हणजे जुळणी झाली यात फारसं नवल नाही.

खोटं वाटत असेल तर हाच हिशेब माणसांवर करून बघा. २३ माणसं एकत्र आली की त्यांतल्या कुणा दोघांचा वाढदिवस एकाच तारखेला असण्याची शक्यता निम्म्याहून थोडी जास्त असते. कारण तुलना २३ नसतात, प्रत्येकाची प्रत्येकाशी अशा २५३ जोड्या असतात. गणपतीला गावी निघालेल्या कोकण रेल्वेच्या ७२ बर्थच्या स्लीपर डब्यात तर अशी एकही जोडी न निघण्याची शक्यता हजारात एकाहूनही कमी. (गणपतीत त्या डब्यात ७२ च माणसं असतील, हे आपलं गणितापुरतं.) आपण मात्र नकळत प्रश्न बदलतो. ‘कुठलीतरी एक तारीख जुळेल का’ असा प्रश्न असतो, आणि जुळल्यावर विचारतो, ‘नेमकी हीच कशी जुळली?’

पावसाळ्याच्या आपत्तींचंही तेच. २६ जुलै २००५ चा महापूर आणि त्याच सुमाराच्या महाड तालुक्यातल्या दरडी, २२ जुलै २०२१ ची तळीयेची दरड आणि चिपळूणचा पूर, १९ जुलै २०२३ च्या रात्रीची इर्शाळवाडीची दरड. सगळं जुलैच्या दुसऱ्या पंधरवड्यात. तारखेचा दोष काढण्यापेक्षा त्या दिवसांत डोंगर किती पाणी प्यालेला असतो ते बघावं. ११ नोव्हेंबरला होडी न काढणाऱ्याला हसू नये, पण १० आणि १२ ला त्याने हवामान खात्याचा इशारा ऐकला का, हे जरूर विचारावं.

ठरवून आणलेल्या तारखा

काही जुळण्या माणसाने मुद्दाम केलेल्या असतात. २६ जानेवारी १९३० ला पूर्ण स्वराज्याची प्रतिज्ञा झाली, म्हणून १९५० साली राज्यघटना त्याच तारखेला अमलात आणली. संपूर्ण कोकण रेल्वेमार्ग खुला झाला तोही २६ जानेवारी १९९८ ला. १५ ऑगस्टची निवड, जपानच्या शरणागतीला त्या दिवशी दोन वर्षं पूर्ण होत होती म्हणून केली, असं माउंटबॅटन यांनीच पुढे सांगितलं. २६ जानेवारी २००१ चा भुजचा भूकंप मात्र कुणी ठरवला नव्हता. दिनविशेषात हे सगळं एकाच टाइपात, एकाखाली एक छापलेलं असतं, आणि वाचणारा सगळ्यांना एकाच मापाने मोजतो.

१ जूनची माणसं

सर्वांत मोठी जुळणी आपल्या घरातच असते. १ जूनला मोबाइल उघडा. काका, मावशी, निवृत्त मुख्याध्यापक, ग्रामपंचायतीचे माजी सदस्य, सगळ्यांचे वाढदिवस! गावातल्या एका पिढीतले इतके लोक एकाच तारखेला कसे जन्मले? जन्मले नाहीत, शाळेत दाखल झाले. जन्माची नोंद नव्हती, वय अंदाजाने सांगितलेलं, जूनमध्ये शाळा सुरू व्हायची. गुरुजींनी हिशेब सोपा जावा म्हणून १ जून टाकून दिला. पुढे नोकरी, निवृत्ती, पेन्शन, आधार कार्ड, सगळं त्या एका शाईच्या फटकाऱ्यावर चाललं.

खरी तारीख काढायची झाली तर?

‘नागपंचमीच्या आदल्या दिवशी, शुक्रवारी झाला’ एवढंच आजीला आठवतं, साल धड आठवत नाही. यावर तारीख निघते का? बहुधा निघते, आणि मदतीला येतो तो वार. सात वारांचं चक्र कुठल्याच सुधारणेत तुटलं नाही. १५८२ साली ४ ऑक्टोबर गुरुवार होता आणि दुसऱ्या दिवशीचा १५ ऑक्टोबर शुक्रवार. १७५२ साली २ सप्टेंबर बुधवार आणि १४ सप्टेंबर गुरुवार. दहा-अकरा तारखा गेल्या, वार एकही गेला नाही. म्हणून अभ्यासक तिथीवरून काढलेली तारीख वाराशी ताडून बघतात. जेधे शकावलीत शिवजन्माचा वार शुक्रवार आहे. जुनी १९ फेब्रुवारी म्हणा की नवी १ मार्च म्हणा, येतो शुक्रवारच.

आजीच्या बाबतीतही तेच करायचं. संशय असलेल्या चार-पाच वर्षांची जुनी पंचांगं घ्यायची आणि श्रावण शुद्ध चतुर्थी कुठल्या साली शुक्रवारी आली ते बघायचं. बहुतेक वेळा एकच साल उरतं. दोन उरली तर तिला विचारायचं, त्या वर्षी श्रावण दोन होते का. दोन श्रावण माणूस सहसा विसरत नाही, उपास दुप्पट पडतात.